फिटरमामाची दोन पोती

लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणीही बसलेलं असो, फिटरमामा पहिला भात कालवता कालवता त्याला विचारायचा, "पाव्हणं, उद्या तुमाला धा हजार वर्सं मागं नेऊन सोडलं, तर संगं काय न्याल?" पाहुणा बिचारा मदतीच्या आशेने वरण वाढणाऱ्याकडे बघायचा. मामाला मात्र उत्तर हवंच असायचं. ते मिळालं की तो अशी उलटतपासणी घ्यायचा की मठ्ठा येईपर्यंत पाहुणा अश्मयुगात दोनदा तरी मेलेला असायचा.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये जन्मभर फिटर होता, म्हणून आमच्या सगळ्या कडाव गावाचा तो फिटरमामा. त्याच्या प्रश्नाला बहुतेक जण बंदूक म्हणायचे. "गोळ्या किती? वीस? मंग एकविसावं डुक्कर आलं की काय, हात जोडशील?" कोणी तलवार सांगितली तर, "धार कशावर लावशील? धारवाला यनार हाय काय तिकडं?" माझ्या नवऱ्याने एकदा चेष्टेने मोटारसायकल सांगितली. मामाने घास खाली ठेवून विचारलं, "अन् पेट्रोल? चारफाट्याच्या पंपावर भरनार?" त्याचे नियम ठरलेले होते. लोखंड न्यायचं नाही, प्लॅस्टिक न्यायचं नाही, आणि सामान स्वतःच्या पाठीवर मावेल तेवढंच.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते कोंडाण्याच्या लेण्यांत. पाहुण्यांना लेणी दाखवायला घेऊन गेला होता. पाहुणे नक्षी बघत होते आणि हा कातळावरचे छिन्नीचे घाव बोटाने चाचपत होता. "ह्यांच्याकडं छिन्नी तरी होती गं," घरी आल्यावर तो मला म्हणाला. "त्याच्या आदी ज्यांच्याकडं छिन्नीच नव्हती, त्यांनी काय केलं आसंल?" दुसरा कोणी असता तर एवढं बोलून चहा प्याला असता. मामा दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून थेट नदीवर गेला.

हत्यारांबद्दल एवढं बोलणारा हा माणूस स्वतः मात्र पहिलं नाव भांड्याचं घ्यायचा. "मारायचं मागनं बघू. पानी आनशील कशात, ओंजळीत?" म्हणून त्याने परसातला एक भोपळा वेलावरच जून होऊ दिला, वाळवून, आतून कोरून त्याचा तुंबा केला आणि महिनाभर त्यातलंच पाणी प्यायला. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतल्या एका ठाकर म्हाताऱ्यापुढे आठवडाभर बसून तो केवणीच्या झुडपाच्या सालीचा दोर वळायला शिकला. मग तो दोर आंब्याच्या फांदीला बांधून साठीकडे झुकलेला हा गृहस्थ स्वतः लोंबकळला. मामी खालून ओरडत होती आणि हा वरून, "टेस्टिंग चाललंय, टेस्टिंग!" पॉवर हाऊसमधली सवय होती ती. तपासल्याशिवाय त्याने कुठलीही वस्तू कधी पास केली नाही.

रविवारची कोंबडी तो दगडाच्या कपच्याने कापायचा. "घरात तीन सुऱ्या हायत, अन् मानूस दगड घिऊन बसलाय," मामी मला फोनवर सांगायची. मागून मामाचा आवाज यायचा, "पन कापतोय ना?" कापायचा खरंच. एकदा मी बघितलं, कोंबडीचा पाय सांध्यातून असा नीट सुटला की माझी शिवणकामाची कात्री लाजावी.

खरा जीव होता तो दगडांवर. पॉवर हाऊसचं पाणी सुटलं की पेज नदी भरते, आणि ते कधी सुटणार हे त्याला घड्याळाशिवाय कळायचं. त्याच्या आधी तो पात्रात उतरायचा. शंभर दगड उचलायचा, नव्व्याण्णव टाकायचा. उरलेला घरी आणून दुसऱ्या दगडाने हलक्या हाताने घडवायचा, आणि त्यातलेही बरेच फेकायचा. कुऱ्हाडीचे, खरवडायचे, कंद खणायच्या काठीला बांधायचे, भाल्याच्या टोकाचे असे अकरा वर्षांत जे पास झाले ते जेमतेम दोन पोती भरले. ओळखायला त्यांवर रंगाचा ठिपका तरी देऊन ठेव, असं मी म्हटलं तर म्हणाला, "कशाला? हाताला कळतं." आणि एक माझ्या हातात ठेवला. "धर. आंगठा हितं. बोटं अशी. बसला का नाय?" माझं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी हो हो म्हटलं आणि दगड परत दिला.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावी लागली. मामा खालापूर तालुक्यात, खोपोलीला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेला. तुंबा आणि दोर तिकडे गेले. दोन पोती दगड तिसऱ्या मजल्यावर कोण चढवू देणार? सूनबाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मामा टेंपोने पोती घेऊन माझ्याकडे आला. "तुज्याकडं जागा हाय. माजी येवडी वस्तू सांबाळ." आमच्या पडवीच्या कोपऱ्यात त्याने ती स्वतः लावली, खाली फळी घालून.

मी ब्लाऊज शिवते. दोन वर्षांनी दुकान पडवीत आणायचं ठरलं, म्हणून पडवीची जमीन उचलून फरशी घालायला काढली. मिस्त्री आत डोकावला आणि म्हणाला, "ताई, कोपऱ्यात फरशीखाली सोलिंगच्या भरावाला दगड कमी पडतोय. ही दोन पोती हायत, टाकू का?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी मान हलवली. दोष टाचण्यांचा नाही, मी नीट ऐकलं होतं. मनात आलंही होतं, मामाचे आहेत. पण पुढचा विचार असा आला, की दगडच तर आहेत, नदी काय पळून गेली आहे? संध्याकाळपर्यंत त्यावर काँक्रीट पडलं.

महिन्याभराने मामाचा फोन आला. इतकं खूष मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. आमच्या इथल्या शाळेत हेडमास्तरांनी त्याला बोलावलं होतं. पोरांच्या हातात एकेक हत्यार द्यायचं, कोण काय निवडतो ते बघायचं, का ते विचारायचं. "इतकी वर्सं मी नुस्ता तोंडी इचारत आलो गं. आता पोरं हातात घिऊन सांगतील. मंगळवारी यतो. पोती काडून ठेव."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सोमवारी दुपारी नवऱ्याला घेऊन नदीवर गेले आणि दोन पोती दगड भरून आणले. टोकदार बघून घेतले, एवढीच काय ती अक्कल. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी मी खण आणि पॉपलीन बोटांनी ओळखते, पण दगडाच्या बाबतीतही कोणाची बोटं तशी असतील असं मला वाटलं नाही. खरं म्हणजे वाटू दिलं नाही.

मंगळवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. पोरं गोल बसली होती, मी मागे दाराशी उभी. त्याने पोत्यात हात घातला, दगड काढला, तळहातावर फिरवला आणि खाली ठेवला. दुसरा काढला. तिसरा काढला. मग मान वर करून एकदाच माझ्याकडे बघितलं. रागावून बघितलं असतं तर बरं झालं असतं. घरात कोणी गेल्याचा निरोप आल्यावर माणूस सांगणाऱ्याकडे बघतो, तसं त्याने बघितलं.

पण पोरांकडे वळला तेव्हा त्याचा आवाज ठीक होता. "पोरांनो, ह्या डिगात एक बी हत्यार नाय. का नाय, ते आज तुमी सांगायचं." पोरं तुटून पडली. हा जड आहे, हा ठिसूळ आहे, याला धरायला जागाच नाही. तास कसा गेला कळलं नाही. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "आजोबा, मंग खरी हत्यारं कुटं हायत?"

"हायत," मामा म्हणाला. "नीट ठेवलीत."

घरी आल्यावर तो खुर्चीवर बसला नाही. पडवीतल्या नव्या फरशीवर हात फिरवत मांडी घालून बसला. मी चहा ठेवला. त्याने एवढंच विचारलं, "कुटल्या कोपऱ्यात?" मी बोट दाखवलं आणि रडायला लागले. "मामा, मी फोडून काढते. उद्याच मिस्त्रीला बोलवते."

"नको गं. फरशी नवी हाय. तुजं दुकान हाय." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता हे लिहायलाच बसले आहे तर लपवत नाही. तो नको म्हणाला तेव्हा मला हायसं वाटलं. मी आग्रह केला नाही. त्याला नदीवर तरी घेऊन जावं, पुन्हा चार दगड गोळा करायला लागावं, तेही केलं नाही. लग्नसराई होती, ब्लाऊजांचा ढीग पडला होता. पुढे खोपोलीला एका लग्नात आम्ही एकाच पंगतीत होतो. त्याच्या शेजारी कोणी परगावचे गृहस्थ बसले होते. मामा खाली बघून मुकाट जेवला. मामीला वाटलं वयामुळे बोलणं कमी झालंय. मी तिलाही काही सांगितलं नाही.

यंदा होळीनंतर मामा गेला. दुपारचा झोपला तो उठलाच नाही. तेरावं झालं आणि मी मिस्त्रीला बोलावून कोपरा फोडायला लावला. नवरा म्हणाला, "आता काय उपयोग?" त्याचं बरोबर होतं. तरी मी फोडला.

काँक्रीट निघालं, खालचे दगड निघाले. खाणीतले आणि मामाचे, सगळे एकाच काळ्या पत्थराचे, सगळ्यांना सिमेंट लागलेलं. मी बादलीत एकेक धुतला. प्रत्येक हातात घेतला, अंगठा इकडे ठेवून बघितला, तिकडे ठेवून बघितला. दोन तास असे गेले. मिस्त्री पहार टेकून उभा होता.

"ताई," शेवटी त्याने विचारलं, "ह्यातलं तुमच्या मामांचं कोन्तं?"

मला एकही सांगता आला नाही.