वाळवण्याची पद्धत

तांडेल सर प्रिंटरला कान लावून बसायचे. थ्रीडी प्रिंटर चालू झाला की बाकीचे लोक काय तयार होतंय ते बघतात. सर डोळे मिटून ऐकायचे. आत जाणारी प्लास्टिकची तार ओलसर असली की मशीनच्या तोंडाशी बारीक तडतड होते. ती ऐकू आली की लगेच बंद. "सादळलंय गं," एवढंच म्हणायचे.

खोपोलीजवळच्या आमच्या कॉलेजात सर भाताच्या तुसाची पूड प्लास्टिकमध्ये मिसळून ही तार बनवायचे. मी त्यांची एम.ई.ची विद्यार्थिनी. तूस कडावच्या गिरणीतून मीच आणायची, कारण कडाव माझं गाव. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगायची.

त्या पावसाळ्यात त्या तारेतून छापलेली आमची चाचणीची एकही पट्टी टिकेना. जरा ताणली की थर सुटायचे. लॅबचा ओव्हन बंद पडलेला, थीसिस द्यायला महिना उरलेला. आईला सांगितलं तर म्हणाली, "फळीवर ठेव ना. सुकट तिथंच ऱ्हाते, कदी सादळली का?" चुलीवरच्या फळीवर पुडीचा डबा चार दिवस ठेवला. त्या पुडीची तार तडतडली नाही. पट्ट्या टिकल्या.

थीसिसमध्ये मी लिहिलं : ओव्हनमध्ये वाळवले, साठ अंश.

सरांनी ते पान माझ्यापुढे ठेवलं. "ओव्हन कुठला?"

मी पुडीचा डबा मागे सरकवला.

"पुडीला धुराचा वास येतोय. चुलीवर वाळवलंस ना?"

"सर, चूल लिहिली तर हसतील."

"हसू देत की. उद्या कोणी तुझं वाचून साठ अंशावर वाळवेल, त्याचं जमणार नाही, आणि तो बिचारा स्वतःलाच मूर्ख समजेल. जे केलं तेच लिहायचं. मोजल्याशिवाय माझी सही नाही."

दुसऱ्या दिवशी सर स्कूटरवरून थेट कडावला आले. फळीला तापमापक टांगला आणि चुलीपुढे पाट घेऊन बसले. तीन दिवस येत होते.

"सर, तुमी वाईच सरा बाजूला, भाकरी जळंल," आई म्हणायची.

"सरतो. आई, आता किती?"

आईला अक्षर येत नाही, आकडे येतात. "बावन्न. आन् तुमचा चा निवला."

थीसिस उशिरा गेला. परीक्षेला आलेले बाहेरचे सर 'चूल' वाचून खरंच हसले. तांडेल सर म्हणाले, "हसून झालं असेल तर तापमानाचा तक्ता बघा." त्यांनी बघितला. मग बराच वेळ बघितला.

सर गेले त्याला आता वर्ष झालं. मी खोपोलीला एका कारखान्यात आहे. ओव्हन नवा आहे, तापमान आपोआप नोंदवतो. तरी प्रिंटर सुरू झाला की माझे डोळे मिटतात, आणि 'सादळलंय गं' कोणीच म्हणत नाही.

घरी गॅस आला, पण आई भाकरी चुलीवरच करते. तापमापक तिथंच आहे. सकाळी तिचा फोन येतो, "आज एकावन्न हाय. लिव."

सर गेले त्या आठवड्यात मी म्हटलं होतं, "आई, आता कोणाला दाखवायचंय?"

"दाखव कोन म्हनलं तुला? लिव म्हनते मी."

मी लिहिते.