बेवारस म्हणून लिहिलेलं कुत्रं

आमच्या पालिकेच्या श्वान केंद्राला गावात कोणी श्वान केंद्र म्हणत नाही. कोंडवाडा म्हणतात. पूर्वी त्याच आवारात मोकाट जनावरं कोंडायचे, तेच नाव चिकटलं. तिथं मी बरीच वर्षं नोंदवही सांभाळली. कुत्रं आत आलं की लिहायचं, बाहेर गेलं की लिहायचं. आता निवृत्त होऊन घरी बसले आहे. तरी एसटी स्टँडवर, एखाद्या वळणावर, कुठंही तांबडं कुत्रं एकटं बसलेलं दिसलं की माझा जीव खालीवर होतो. स्कूटी थांबवून बघते. लेक म्हणते, "आई, तुला कुत्र्यांनी झपाटलंय." कुत्र्यांनी नाही गं बाई. एकाच कुत्र्यानं.

आधी तिथली रीत सांगते, नाहीतर माझं काय चुकलं ते कळायचं नाही. कुत्रं आमच्याकडं दोन तऱ्हेनं यायचं. एक, मालकानं स्वतः आणून सोडलेलं. त्याला अर्ज, सही, आधार कार्डाची झेरॉक्स. असं कुत्रं पुढच्या पिंजऱ्यात राहायचं आणि कोणी चांगलं माणूस न्यायला आलं की त्याला दत्तक द्यायचं. दुसरं, रस्त्यावरचं, बेवारस. त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, खूण म्हणून कानाचं टोक कापायचं, आणि जखम भरली की जिथून उचललं तिथंच नेऊन सोडायचं. जिथून म्हणजे अगदी तिथूनच. नियम चांगला आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याची आपली गल्ली असते, भाकरी टाकणारी ओळखीची माणसं असतात. भलतीकडं सोडलं तर तिथली कुत्री त्याला जगू देत नाहीत.

आता घरचं कुत्रं सोडायला आलेला माणूस कधी 'हे माझं' म्हणायचा नाही. लाज वाटते ना! "मॅडम, हे सापडलं." कुठं सापडलं? की मग डोकं खाजवत सुचेल ते ठिकाण सांगायचा. मी मूळची मेढ्याकडची, तोंडाची फटकळ. तिथल्या तिथं झापायची. "सापडलेलं कुत्रं तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून येतं व्हय? आणि तुमच्याच चपलेवर हनुवटी टेकतं?" मग माणूस ओशाळायचा, मुकाट अर्ज भरायचा. माझ्या त्या तोंडामुळं किती कुत्री वाचली याचा मला अभिमानसुद्धा होता. मिरवायची मी त्याबद्दल.

त्या दिवशी मात्र झापलं नाही.

भर दुपारी एक तिशी-पस्तिशीतला माणूस आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, हातात सुतळीला बांधलेलं तांबडं कुत्रं. म्हणाला, "सापडलं मॅडम. कारखान्याच्या फाट्यावर." मी सवयीनं कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला. मानेभोवती पट्ट्याचा वण होता, केस दबून बसलेले, पट्टा त्याच सकाळी काढल्यासारखा. कुत्रं त्या माणसाच्या पायावर जाऊन बसलं. सांगायला अजून काय पाहिजे होतं? माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याचा चेहरा असा होता, की आणखी एक शब्द बोलले असते तर तो तिथंच रडला असता. शिवाय खरं सांगायचं तर मालकाचे अर्ज संपले होते, झेरॉक्सच्या दुकानापर्यंत उन्हात जावं लागलं असतं, आणि माझा डबा उघडा होता. मी वही ओढली. 'बेवारस' लिहिलं. ठिकाण, कारखाना फाटा. तो मागं न बघता गेला. गाडीचा आवाज पार विरेपर्यंत कुत्रं दाराकडं तोंड करून उभं होतं.

दुसऱ्या दिवशी पिंजरे धुणारे मामा म्हणाले, "बाई, ह्ये घरचं हाय बगा. पिंजऱ्यात घाण करत न्हाई. भाईर न्हेल्याबिगार मुतत न्हाई." मी म्हणाले, "असू दे मामा, मालकाला उपरती झाली तर येईल चार दिवसांत." कोणी आलं नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, लस दिली, कानाचं टोक कापलं. गाडी निघायच्या वेळी मामा परत माझ्या टेबलापाशी आले. "फाट्यावरच सोडायचं न्हवं?" मी मान वर न करता म्हणाले, "लिहिलंय तिथंच सोडा." आणि सही केली.

चार दिवसांनी बहिणीकडं हळदीकुंकू होतं, म्हणून मी त्याच रस्त्यानं निघाले होते. फाट्यावर ते बसलेलं होतं. माझ्या स्कूटीचा आवाज ऐकून उठलं, शेपूट अर्धी उचलली, मला निरखून बघितलं. मी ओळखीची होते की त्याच्या! नऊ-दहा दिवस माझ्यासमोर होतं. मी थांबले नाही. उशीर झाला होता, अंगावर चांगली साडी होती. आरशात दिसलं, ते परत खाली बसलं. येताना मी मुद्दाम हळू चालवली, पण तेव्हा तिथं ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग होती. काही दिसलं नाही. मनाला म्हटलं, गेलं असेल कुठंतरी वस्तीवर.

आणि मग आबा म्हणून एक म्हातारे आले. पुढच्याच आठवड्यात. मिरजेच्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तिथला मुक्काम लांबलेला, डिस्चार्ज मिळाल्यावर घरी जायच्या आधी थेट आमच्याकडं. मनगटावर दवाखान्याची पट्टी तशीच. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, वॉकर धरूनही पाठ ताठ. त्यांचा मुलगा फाटकाबाहेर गाडीपाशी उभा राहिला, आत आला नाही. मी त्याला लांबूनच ओळखलं, सुतळीला बांधलेलं कुत्रं घेऊन आलेला तोच. आबा एकेका पिंजऱ्यापुढं थांबून एक नाव घेत होते. सगळी कुत्री भुंकत होती, आणि ते कान देऊन एकाच आवाजाची वाट बघत होते. ते नाव मी इथं लिहिणार नाही. माझा तेवढा अधिकार नाही.

शेवटच्या पिंजऱ्यावरून ते टेबलाशी आले. "आवं ताई, तांबडं हाय. फुडच्या पायावर पांढरा ठिपका. पोरानं हितं आणून दिलं म्हंतोय."

मला वही उघडायची काही गरज नव्हती, तरी उघडली. "नियमाप्रमाणं फाट्यावर सोडलंय, आबा."

"फाट्यावर? त्येनं फाटा कवा बघितलाय? अंगणाच्या भाईर एकलं कवा गेलं न्हाई ते." वॉकरवर भार टाकून ते माझ्याकडं वळले. मग अगदी सरळ विचारलं, "घरचं हाय ह्ये तुमाला कळलं न्हाई व्हय?"

"नाही हो आबा. कसं कळणार?"

मामा मागं झाडू घेऊन उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं. मला त्याच क्षणी स्वतःची किळस आली, पण शब्द तोंडातून गेला होता.

मी आणि मामा गाडी घेऊन फाट्यावर गेलो. तिथल्या चहाच्या टपरीवरच्या बाई म्हणाल्या, "हुतं की. आठवडाभर बसलं हुतं. बिस्कुट टाकलं तर हुंगायचं निस्तं. गाडी आली की उटायचं, गेली की बसायचं. लय वंगाळ वाटायचं बगा. मग एक दिस न्हवतं." कुठं गेलं? काय म्हाईत. आम्ही उसाच्या कडेनं, ओढ्याच्या पुलाखाली, कारखान्याच्या झोपड्यांत फिरलो. जिवंत नाही, मेलेलंही नाही. मेलेलं सापडलं असतं तर बरं, असंसुद्धा माझ्या मनात आलं.

आबा दर सोमवारी यायला लागले. आधी वॉकर, मग काठी. गाडीनं कोणतं नवीन कुत्रं आणलं ते बघायचे, ते नाव घ्यायचे, आणि "बरं हाय, येतो" म्हणून जायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर सुटले असते मी. मला सोमवारची धास्ती बसली. घरी भाकरी थापताना, केर काढताना मागं काठीचा ठक आवाज झाल्यासारखा वाटायचा आणि मी दचकून वळायची. नवरा म्हणायचा, "अगं, कोणी नाही." कोणी नसायचंच. पण मला विचारलेला प्रश्न तिथं उभा असायचा.

एका सोमवारी ते पिंजरे बघून वळले आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. "आबा, मला कळलं होतं. पहिल्याच दिवशी. मानेवर वण होता पट्ट्याचा. मी तुमच्याशी खोटं बोलले."

ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली. फाटकाबाहेर मुलगा उभा होता, त्याच्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "पोराला काय बोलू नगा ताई. मी दवाखान्यात गेलो तवापास्नं कुत्रं दारात बसून रडत हुतं. गळा काढून. सगळी गल्ली म्हनाय लागली, कुत्रं रडतंय, म्हाताऱ्याचं काय खरं न्हाई. पोरानं उलटी चप्पल ठिवून बगितली, हाकलून बगितलं. गप ऱ्हाईना. उद्या ऑपरेशन आन् आज ह्ये रडतंय. पोरगं भ्यालं." 

माझ्या माहेरी आजारी माणसाच्या दारात कुत्रं रडलं की आजही बायका देवापुढं पाणी ठेवतात. मीसुद्धा ठेवलंय.

"कुत्र्याच्या म्होरं काय लिवलंय वहीत?" आबांनी विचारलं.

"बेवारस."

"त्ये खोडा."

मी सांगितलं, की नुसतं खोडता येत नाही. मालकानं सोडल्याचा अर्ज जोडावा लागतो, आणि ज्यानं आणून सोडलं त्याची सही लागते. "मुलाला आत बोलावू का?"

"नगं. त्येला कशाला? मी करतो सही."

"पण आबा, तुम्ही तर दवाखान्यात होता. तुम्ही कुठं सोडलंत?"

"माझ्या जिवापायी सोडलं न्हवं त्येनं?" ते म्हणाले. "मग मीच सोडलं की."

माझ्याकडं आता अर्जांचा गठ्ठा होता. एक काढून दिला. त्यांनी सावकाश, अक्षर सुटं सुटं काढत स्वतःचं नाव लिहिलं, जन्मात कधी न सोडलेलं कुत्रं सोडल्याचं लिहून दिलं आणि खाली सही केली. खोट्या कागदावर माझीही सही झाली, दुसऱ्यांदा. मग मी 'बेवारस' खोडलं आणि मालकाच्या रकान्यात त्यांचं नाव घातलं. त्यांनी चष्मा लावून वही आपल्याकडं वळवून घेतली आणि त्या ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"आता घरचं झालं न्हवं?"

"झालं, आबा," मी म्हणाले.