चौथ्या भागातली चाल

कोलबर्न गॅप या खाणीच्या गावावर धुकं असं बसलं होतं की कोळशाच्या ढिगांचे नुसते माथे तेवढे वर दिसत होते. वर्ना हुडाकनं शाळेच्या पिवळ्या बसच्या काचेवरचा हिमाचा पापुद्रा खरवडून काढला, बोटांवर फुंकर मारली आणि स्टिअरिंगमागं बसली. आज शनिवार, पोरं नव्हती. आज 'कंदीलवाल्या'चे भक्त वाहनतळावरून थेटरापर्यंत न्यायचे-आणायचे होते.

कंदीलवाला म्हणजे खाणीत गाडला जाऊनही वर आलेला, मुखवटा घालून माणसं कापत सुटलेला सिनेमातला खुनी. त्याचे नऊ भाग निघाले, पहिले चार याच गावात. दर ऑक्टोबरला देशभरातले भक्त जुन्या थेटरात जमत. स्टेजवर लोणच्याच्या नऊ रिकाम्या बरण्या मांडलेल्या असत. ज्यानं त्यानं तिकिटाचा तुकडा आपल्या लाडक्या भागाच्या बरणीत टाकायचा. जी बरणी जास्त भरेल तो भाग सगळ्यात भारी.

बसमध्येच भांडण पेटलं होतं.

"पहिलाच खरा. पुढचे सगळे पाणी घालून वाढवलेले."

"आणि सातवा? खाणीतला बाबा विमानात बसतो! त्याची बरणी फोडा आधी."

"चौथा रे, चौथा!" एक दाढीवाला म्हणाला. "उजवा पाय टाकतो, डावा फरफटत आणतो. भीती मुखवट्यात नाहीये, त्या डाव्या पायात आहे."

वर्नाचा डावा पाय स्टिअरिंगखाली ठणकत होता.

चौऱ्याऐंशी साल, चौथ्या भागाचं शूटिंग. वर्ना तेव्हा बावीस वर्षांची, ताडमाड उंच. खाणीच्या ओल्या उतारावरून उतरायला कंदीलवाला झालेल्या नटानं, क्लेटन प्रॉसरनं नकार दिला, म्हणून मुखवटा हिच्या तोंडावर चढला. तिसऱ्या खेपेला ती घसरली, गुडघा मोडला. दिग्दर्शकानं कॅमेरा थांबवला नाही. ती उठली आणि उरलेला उतार तशीच चालून गेली. तेच चालणं सिनेमात राहिलं. शेवटी पडद्यावर नावांची रांग सरकली, त्यात तिचं नाव नव्हतं. पुढच्या पाच भागांत क्लेटन तिच्या पायाची नक्कल करत राहिला.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता. "वर्ना, चाळीस वर्षं झाली. मन खातं गं. या वेळी स्टेजवरून तुझं नाव घेतो बघ." तिनं ते फक्त बहिणीला, पॉलीनला सांगितलं. पॉलीननं तिला ओढत नेऊन केस सेट करून आणले.

दुपारी दोघी थेटरात तिसऱ्या रांगेत बसल्या. चौथ्याची बरणी काठोकाठ भरली. टाळ्या ओसरल्यावर कुणीतरी विचारलं, "ती चाल सुचली कशी?"

स्टेजवर क्लेटननं माईक घेतला. त्याची नजर वर्नावर आली, क्षणभर थांबली आणि पुढं सरकली.

"माझे आजोबा खाणीत होते," तो म्हणाला. "त्यांची चाल मी तीन महिने घोटली."

अख्खं थेटर उभं राहिलं.

"ऊठ की गं बये!" पॉलीननं तिला ढोसलं. "सांग समद्यांस्नी!"

"काय सांगू? पुरावा काय हाय?"

"गुडघा हाय की तुजा!"

"या गावात कुनाचा गुडघा धड हाय, पॉलीन?"

बाहेर बसपाशी क्लेटननं तिला गाठलं. "अगदी तोंडाशी आलं होतं गं. पण लोकांचे चेहरे बघितलेस ना? त्यांचं मन कसं मोडायचं?"

"बघितलं. तुजंबी तोंड बघितलं." वर्ना म्हणाली. "सर बाजूला, दार लावायचंय."

वाहनतळावर सगळे उतरले. फेरी संपली की चालकानं शेवटच्या बाकापर्यंत जाऊन कुणी झोपून राहिलं नाही ना हे बघायचं आणि तपासल्याची खूण म्हणून मागची कळ दाबायची, हा शाळेचा नियम. तीस वर्षांत तिनं तो कधी चुकवला नव्हता. ती उठली. उजवा टाकला, डावा ओढला.

टोपी विसरली म्हणून परत आलेला दाढीवाला दारातच थबकला. "वा, मावशी! झकास जमलंय! फक्त डावा जरा जास्तच ओढताय. चौथ्यात तो इतका ओढत नाही."

"झिजला आसंल बाबा," वर्ना म्हणाली, आणि टोपी त्याच्या हातात दिली.

मग ती एकेका बाकाखाली वाकून बघत मागं गेली. कॉफीचे दोन कप मिळाले, ते उचलले. कळ दाबली.