जबडा हललेला फोटो

आमच्या इस्पितळात एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही, फोटोच म्हणतात. म्हणून ती फोटोबाई. मी शेजारच्या प्लॅस्टरच्या खोलीत. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि ती दिवसभर बोलते ते एवढंच, "हलू नका. श्वास धरा." मग खोलीबाहेर जाते आणि बटण दाबते. माणूस आला की आपण बाहेर जायचं, असला हा धंदा. तिच्या घरी तर आत सोडून बाहेर यावं असंही कुणी नाही.

जेवायच्या सुट्टीत तिच्या बाकावर बसायचे ते फक्त संत्रेवाले आजोबा. त्यांचा मुलगा कित्येक वर्षांपूर्वी घरातून बाहेर पडला, तो परतलाच नाही. कुठं बेवारस सांगाडा सापडला की पोलीस कवटी आमच्याकडे पाठवत आणि आजोबांना बोलावत. मुलाच्या कॉलेजातल्या जुनाट सर्दीच्या वेळचा डोक्याचा फोटो त्यांनी जपला होता ना! कपाळाच्या हाडात पोकळ्या असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या. जुना-नवा फोटो शेजारी लावून डॉक्टर सांगतात, तोच की दुसरा. दर वेळी दुसराच निघायचा. पुढं पुढं आजोबा कवटी नसतानाही येऊ लागले. एक संत्रं सोलायचं, अर्धं तिला द्यायचं.

तो जुना फोटो फोटोबाईनंच काढलेला. त्यात जबडा धूसर होता.

"मी दारातून वाकुल्या दाखवल्या, म्हणून हसला," आजोबा सांगायचे. "केवढं झापलंत मला आणि दुसरा काढलात! चांगला आला तो तुमच्याकडे राहिला आणि रद्दीत गेला. हा टाकाऊ म्हणून मी मागून घेतला."

"कपाळ टेकलेलं होतं, म्हणून तेवढं स्वच्छ आलंय," ती म्हणायची.

या खेपेची कवटी ओढ्याच्या काठी सापडली होती. आजोबा बाहेर बाकावर बसले. फोटोबाईनं पहिला फोटो काढला आणि बघताक्षणी तिला कळून चुकलं, हा तोच. पण कवटी जरा जास्त वाकली होती. तोच फोटो पुढं केला असता, तर डॉक्टर "सांगता येत नाही" म्हणून मोकळे झाले असते. आजोबांची आशा टिकली असती आणि येणंही.

"मोह झाला गं," तिनं मला नंतर सांगितलं. "त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी झाला."

मी तेव्हा दारातच होते. तिनं कवटीखालचा स्पंज काढून नीट बसवला, जुन्या फोटोत होतं तसंच कपाळ टेकवलं. मग सवयीनं म्हणाली, "हलू नका." आणि बाहेर आली. मला हसू यायला हवं होतं, पण मीही श्वास धरला.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो दिव्यासमोर लावले आणि आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. आजोबा पुढं वाकून बघू लागले.

"ह्यात जबडा स्पष्ट आलाय," ते म्हणाले.

फोटोबाईनं मान हलवली. जाताना त्यांनी खिशातलं संत्रं काढलं आणि न सोलता तिच्या हातात दिलं.

"आजोबा, गुडघे दुखत असतील ना तुमचे?" ती एकदम म्हणाली. तिनं आपणहून कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. "या ना, फोटो काढू."

"गुडघे ठणठणीत आहेत हो," आजोबा म्हणाले. "तीच तर पंचाईत."

ते पुन्हा आले नाहीत. आठवडाभर मी तिला लांबूनच एकटी जेवताना पाहिलं. मग मला राहवेना. डबा घेऊन गेले आणि बाकावर आजोबांच्या जागी टेकले, तर ती पटकन म्हणाली, "जरा सरकून बस गं."

मी सरकले. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून आम्ही दोघी जेवलो.