कोरियन काकांचा गाव

घर घ्यायचं ठरलं की आमच्या हर्नडनमधली मराठी मंडळी कोरियन काकांना सोबत न्यायची. काका मूळचे साताऱ्याचे. कोरियाला कधी गेलेही नव्हते. पण घर बघायला आले की किचन, बेसमेंट, शाळेचं रेटिंग सगळं सोडून थेट मागच्या अंगणात जाऊन उभे राहायचे. "इथून डोंगर दिसतो का? आणि पाणी कुठंय?" घर दाखवणारा रिअल्टर बिचारा आत जाऊन नळ सोडून दाखवायचा.

अ‍ॅशबर्नमध्ये आम्ही बघितलेल्या घरामागे डेटा सेंटरची भलीथोरली भिंत होती. काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेजारी शांत आहे. पण याच्यावर कविता होणार नाही." ते घर आम्ही घेतलं नाही. बायको अजून हळहळते.

हा नाद त्यांना कम्युनिटी सेंटरमध्ये लागला. तिथे एक निवृत्त कोरियन बाई जुन्या कोरियन कविता शिकवायच्या. वर्गात सगळे कोरियन आजी-आजोबा आणि त्यांत हे एकटे, डबा घेऊन. त्या तीन-तीन ओळींच्या कवितांमध्ये काकांना एक गाव सापडला होता. गवतानं शाकारलेली झोपडी, मागे डोंगर, पुढे ओढा. ओढ्यातून पीचची फुलं वाहत येतात. ती जिथून येतात तिथवर चालत गेलं की माणसाला काही कमी पडत नाही. काका इतकं रंगवून सांगायचे की वाटावं, आत्ताच तिथे गाडी पार्क करून आलेत.

काकूंना हे पटत नसे. "त्या झोपडीत भांडी कोण घासत होतं, ते लिहिलंय का कुठे?"

"असेल तिसऱ्या ओळीत," काका गंभीरपणे म्हणायचे. "अजून शिकवली नाही."

मग माझी नोकरी गेली. सकाळी मीटिंग, दुपारी लॅपटॉप परत. मी व्हिसावर, लवकर दुसरी मिळाली नाही तर मुलीला शाळेतून काढून गाशा गुंडाळायचा. मी लोकांचे फोन घेणं बंद केलं. शनिवारी काका दारात उभे. "चल, बस गाडीत."

शेनान्डोआच्या डोंगरात एका ओढ्याकाठी आम्ही बसलो. काकांनी डबा उघडला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुमचे कवी नशीबवान, काका. आयुष्यभर असे बसून राहिले."

"नशीबवान?" काका हसले. "अरे, त्यातल्या कित्येकांना दरबारातून हाकललं होतं. राजाची मर्जी फिरली की चालू लाग! मग डोंगरात जाऊन बसायचं. बसल्या बसल्या आजूबाजूला दिसायला लागतं." त्यांनी थालीपीठ मोडून अर्धं मला दिलं. "मलाही ले-ऑफ केलं होतं. घरी सांगवेना. रोज डबा घेऊन ऑफिसच्या वेळेला निघायचो आणि कम्युनिटी सेंटरात बसायचो. तिथे त्या बाई भेटल्या."

"काकूंना कळलंच नाही?"

"कळलं ना. डब्यात जास्तीची थालीपीठं यायला लागली. वर्गात वाटायला."

त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो.

पुढे मला दूर श्रूजबरीत नोकरी मिळाली आणि आम्ही हर्नडन सोडलं. काकांचे फोन यायचे, तेही बहुधा ऐन मीटिंगमध्ये. गेल्या हिवाळ्यात मात्र फोन आला तो काकूंचा. काका झोपेतच गेले होते.

मी गाडी काढून गेलो. फ्युनरल होममध्ये वर्गातले सगळे आजी-आजोबा आले होते. काळ्या कपड्यांत, एकेक जण काकांच्या फोटोपुढे कमरेत वाकून नमस्कार करत होता. मग त्या बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक जुनी कविता संथपणे म्हटली. आम्हा मराठी माणसांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. सगळे नुसतेच मान खाली घालून बसलो होतो.

काकू माझ्या शेजारी होत्या. त्या वर्गात त्यांनी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. त्या माझ्याकडे झुकल्या आणि हलक्या आवाजात मला एकेका ओळीचा अर्थ सांगू लागल्या.