मॅडमांचं नाव घ्यायचं नाही

लिंबायतच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वर्षा बोरसे यांना गोड बोलता येत नाही, आणि ते बरंच आहे. गोड बोलणारे शिक्षक पोत्यानं मिळतात. शाळा सुटल्यावर पोरांना घेऊन रोबोट बनवत बसणारी ही एकटीच. वडील अमळनेरकडून सुरतेला मागावर कामाला आले. वर्षाताई इथेच जन्मल्या, बी.एस्सी. झाल्या आणि ज्या गल्लीत वाढल्या तिथल्याच पोरांना शिकवू लागल्या. रोबोटसाठी जिन्याखालची खोली त्यांनी भांडून मिळवली. पण गेल्या वर्षी पोरं स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाद झाली, तेव्हा मुख्याध्यापकांनी बजावलं: येत्या वर्षी पुढच्या फेरीत गेलात तर खोली तुमची, नाहीतर तिथे मोडके बाक ठेवायचे.

बाद झाली ती रोबोटमुळे नव्हे. चाकांवरचं ते लहानसं यंत्र टेबलावरच्या सुताच्या रिकाम्या बॉबिनी उचलून रंगाप्रमाणे वेगळ्या करायचं, झकास करायचं. माती खाल्ली ती मुलाखतीत. या स्पर्धेत परीक्षक पोरांना समोर बसवून विचारतात: काय केलंत, का केलंत, कोणी केलं. मोठ्या माणसानं करून दिलं असा वास जरी आला तरी गुण गेले. त्या दिवशी आमचा बोलका कुंदन पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, सगळं मॅडमांमुळे झालं, आम्ही तर काहीच नाही केलं. घरोघरी हेच शिकवलेलं, मोठ्यांपुढे स्वतःचं नाव घेणं म्हणजे आगाऊपणा. परीक्षकांना हे वळण काय ठाऊक? त्यांनी शब्दाला शब्द धरला.

वर्षाताई रडत बसल्या नाहीत. यंदा त्यांनी खोलीत नियमच केला की मॅडमांचं नाव घ्यायचं नाही. ‘आम्ही’सुद्धा नाही. ज्यानं जे केलं त्यानं सरळ ‘मी’ म्हणायचं. ज्याच्या तोंडून ‘मॅडम’ निघेल त्यानं उठायचं आणि पहिल्यापासून सांगायचं. पहिले काही दिवस पोरं उठबशाच काढत होती म्हणा ना.

परीक्षक म्हणून त्यांनी शेजारच्या काशिनाथला धरून आणलं. काशिनाथ पर्वत पाटिया भागात साडीच्या दुकानात विकायला उभा राहतो. गिऱ्हाईक कसं छळतं ते त्याला पाठ. पोरं जीव तोडून सांगत असायची आणि हा जांभई देऊन म्हणायचा, “ठीक आहे. दुसरं काही दाखव.” कुंदन आधी चिडला, मग गडबडला आणि मग एकदाचा तयार झाला.

अडली ती शीतल. रोबोटची पकड तिनं बनवलेली, म्हणजे बॉबिन धरणारा तो पंजा. हात सोन्याचे, पण तोंडातून ‘मी’ फुटेना. वर्षाताईंनी घरी सराव करायला सांगितलं, तर चौथ्या दिवशी तिचे वडील निंबा, मागावरची पाळी संपवून, अंगावर सुताचे तंतू तसेच घेऊन शाळेत हजर.

“मॅडम, पोर घरमा बी मी करं, मी करं करी राहिनी,” ते म्हणाले. “हाई काय शिकाडी राहिन्यात?”

वर्षाताईंनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, “दादा, तुमच्या मागावर चांगलं कापड निघालं आणि शेठनं विचारलं कोणाचं, तर काय सांगता?”

“मन्हं. दुसरं कोन्हं?”

“मग तिनं काय वेगळं केलं?”

निंबांनी पेला उचलला. पाणी प्यायले. जाताना पोरीला एवढंच म्हणाले की नीट सांग, जोरात सांग.

स्पर्धा वेसूकडच्या एका कॉलेजात होती. मुलाखतीत शिक्षकानं मागच्या खुर्चीवर गप्प बसायचं असतं. वर्षाताईंना गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. त्यांनी पर्स दोन्ही हातांनी आवळून धरली होती. परीक्षक बाईंनी पंज्याकडे बोट करून विचारलं, “ये किसने बनाया?”

कुंदननं तोंड उघडलं आणि मिटलं. शीतलकडे पाहिलं.

“मैंने,” शीतल म्हणाली. आवाज बारीक, पण निघाला.

“मैडम ने मदद की?”

हाच तो खड्डा. आता पोरगी हात जोडणार आणि खोली मोडक्या बाकांची होणार.

“मैडम ने तार की स्प्रिंग लगाने बोला था,” शीतल म्हणाली. “वो गलत था. बॉबिन सटक जाती थी. मैंने साइकिल की ट्यूब का रबर लगाया.” आणि पंजा उचलून तिनं तो रबर दाखवला, कुठे चिरला, कुठे गुंडाळला, सगळं. परीक्षक बाई पुढे वाकल्या, मग खुर्चीच सरकवून जवळ आल्या आणि विचारतच राहिल्या. शीतलही सांगतच राहिली.

संध्याकाळी निकाल लागला. लिंबायतची पोरं पुढच्या फेरीत. काशिनाथनं पेढे आणले आणि वर आपणच खरे परीक्षक म्हणून मिरवून घेतलं.

शीतल मात्र कोपऱ्यात उभी. सगळ्यांदेखत मॅडमांना चूक म्हटलं, याचं तिला ओझं झालेलं. हळूच आली आणि पायाशी वाकू लागली. वर्षाताईंनी दंडाला धरून तिला उभं केलं.

“स्प्रिंगवरून मी तुझ्याशी आठवडाभर भांडले होते ना?”

“हो, मॅडम.”

“मग वाकतेस कसली? उद्या लवकर ये. पुढच्या फेरीत बॉबिनी मोठ्या आहेत, आणि माझ्या डोक्यात एक युक्ती आहे. ती कुठे चुकते ते सांग मला.”