न मोडलेलं थालीपीठ

महेश्वरीनं कादंबरी पारखण्याची रीत गिरणीतूनच उचलली आहे. ज्वारी जुनी झाली की पिठाची विरी जाते, पीठ धरून राहत नाही, भाकरी थापताना कडा फाटतात. उलट मैदा भिजवला तर बोटांना असा चिकटतो की हात धुतल्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. कादंबऱ्याही अशाच, असं तिचं म्हणणं. काहींची विरीच गेलेली असते. काही मैद्याच्या असतात, दर दहा पानांनी कुणीतरी ढसाढसा रडतं. तिला पाहिजे ताज्या ज्वारीच्या पिठासारखी. हाताला लागावी, पण चिकटू नये.

पालमच्या वाचनालयात पुस्तकं देणारे योगीराज तिला टरकून असतात.

"वैनी, ही न्या. मन भरून येतंय एकदम."

"मन भरून येतंय का डोळे?"

"डोळे थोडेच."

"किती जण मरतेत?"

"एकच. म्हातारी. तीबी अर्ध्यात."

"अर्ध्यात चालंल. शेवटच्या पानावर मारलेलं मला चालत न्हाई. मग वाचणाराला काही बोलताच येत न्हाई."

बेचाळिशीची महेश्वरी दहावी झाली आणि दोन वर्षांत लग्न होऊन या गिरणीवाल्यांच्या घरात आली. नवरा शिवरुद्र मोटारी दुरुस्तीचं दुकान बघतो, गिरणी हिच्याकडे. सासू गौराबाई दारात खुर्ची टाकून बसतात. कुणाचा डबा कुणाच्या मागं हे त्यांना पाठ असतं आणि डबा आणणारीच्या घरात काय चाललंय तेही. गिरणीचा आवाज एवढा की बोलणं होत नाही, म्हणून दळण पडत असताना महेश्वरी उभ्यानं वाचते. एक हात पिठाच्या धारेखाली, दुसऱ्यात पुस्तक. बोटांनी पीठ चाचपायचं आणि अंगठ्यानं पान उलटायचं. वाचनालयाच्या निम्म्या पुस्तकांतून त्यामुळं पीठ निघतं.

नवरात्रात गिरणीचा एक नेम असतो. उपवासाचं दळण सकाळी पहिलं. गिरणी झाडायची, धान्य ओतायची वरची पेटी पुसायची, मग भगर, राजगिरा. ते संपल्याशिवाय ज्वारीचा दाणा पडू द्यायचा नाही. पण घटस्थापनेला सकाळी लाइटच नव्हती. ती आली साडेदहाला, तोवर डब्यांची रांग रस्त्यावर गेली होती. उपवासाची दळणं झाली, ज्वारी लागली, योगीराजांच्या डब्यातली ज्वारी पेटीत पडली आणि तेवढ्यात गल्लीतली राजेश्री पळतपळत भगर घेऊन आली.

"अक्का, एवढं दळून द्या. आत्याबाई वाट बघायल्यात. आजून पाणीबी घेतलं न्हाई त्यांनी."

तिच्या सासूबाई, तानुबाई, म्हणजे कडक माणूस. तीस वर्षं नऊ दिवसांचा उपवास. खायचं ते भगरीचंच.

त्या वेळी महेश्वरीच्या पुस्तकात थोरला भाऊ उसनी शिडी परत द्यायला धाकट्याच्या दारात उभा होता. पंधरा वर्षांनी. आत जातो की शिडी भिंतीला लावून माघारी फिरतो? महेश्वरीनं योगीराजांचा डबा काढून बाजूला ठेवला आणि भगर पेटीत ओतली. भाऊ आत गेला. राजेश्री डबा घेऊन घरी गेली.

तिसऱ्या दिवशी योगीराज आले.

"वैनी, माझं पीठ अर्धा किलो कमी भरायलंय. म्हणलं, कुणी वरचंवर काढून घेतलं का काय."

महेश्वरीनं पेटीकडं बघितलं. मग हातातल्या पुस्तकाकडं. पेटीतली उरलेली ज्वारी न काढताच तिनं वरून भगर ओतली होती. तानुबाई तीन दिवस उपवासाला ज्वारी खात होत्या.

योगीराजांना पीठ भरून देऊन वाटेला लावल्यावर तिनं सासूला सगळं सांगितलं, पुस्तकातल्या शिडीसकट.

"गप बस," गौराबाई म्हणाल्या. "देवीला कळलं तर देवी पोटात घालती. तानीला कळलं तर ती गावभर घालंल."

"पण खोटं वागल्यासारखं व्हायलंय, आत्या."

"हे तुझ्या पुस्तकातलं व्हायलंय. शिडी न्हे आता तूबी."

महेश्वरीनं गिरणी दोनदा झाडली, स्वतःच्या घरची भगर दळली आणि पिशवी पदराखाली धरून गेली.

तानुबाईंच्या ओसरीवर शेजारच्या तिघी बसल्या होत्या आणि तानुबाई हातात आख्खं थालीपीठ धरून दाखवत होत्या.

"बघा, भगरीचं हाय, पण कुठं चीर न्हाई. आजपर्यंत भगरीचं म्हणलं की ताटात चुराच यायचा. यंदा राजेश्रीनं हात बसवला. आमच्या सासूलाबी असं जमलं न्हाई."

दारात राजेश्री चहाचे कप घेऊन उभी होती. कान लाल. अकरा वर्षांच्या संसारात तिच्या स्वयंपाकाला या घरात फक्त "खारट" आणि "अळणी" एवढे दोनच शब्द मिळाले होते.

महेश्वरीनं चहा घेतला. एकदा तोंड उघडलं आणि परत चहाच घेतला. शेजारणी गेल्या, राजेश्री कप घेऊन आत गेली, तेव्हा तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. ज्वारी, पेटी, योगीराजांचा डबा.

तानुबाईंनी थालीपीठ ताटात ठेवलं.

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या.

"चूक माझी हाय, मावशी. तुमी काय म्हणाल ते."

"काय करत व्हतीस? पुस्तक?"

"हं."

"चांगलं तरी व्हतं का?"

"लय चांगलं व्हतं."

तानुबाईंनी आतल्या दाराकडं बघितलं. आवाज खाली घेतला.

"हिला माहीत हाय?"

"न्हाई."

"मग तिला कशाला सांगती? अकरा वर्षांनी एकदा शाबास म्हणलं तोंडानं, तेबी तिघींसमोर. आता काय परत मागू?" त्यांनी पिशवी ओढून घेतली. "डबा मी रिकामा करते, गाईला घालते. देवीचं अन् माझं मी बघून घेईन. आन् गौरीला सांग, ह्यातलं भाईर गेलं तर माझ्याशी गाठ हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी राजेश्री गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आली. तोंड उतरलेलं. डबा रांगेत ठेवून महेश्वरीजवळ येऊन उभी राहिली.

"अक्का, आमच्या आत्याबाईंचं मला काही खरं दिसत न्हाई."

"का, काय झालं?"

"आज थालीपीठ तव्यावरच मोडलं. तीन तुकडे. चौथा चुलीत गेला. मी भीतभीत ताट वाढलं. तर शेजारणींना हाक मारून म्हणायल्या, काय चव हाय, काय चव हाय. चुरा चमच्यानं खाल्ला, अक्का. वर म्हणायल्या, मोडलं तरी हाताची चव मोडत न्हाई." ती आणखी जवळ सरकली. "नऊ दिवसांचा उपवास झेपंना झालाय वाटतं. दवाखान्यात दाखवू का?"

दारातल्या खुर्चीत गौराबाईंचे खांदे हलायला लागले होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

महेश्वरीनं गिरणीचं बटण दाबलं.